अफ्लाटॉक्सिनचा सल्ला काढणीनंतर नको, महिनाभर आधी छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

भुईमूग काढणीला आला की शेतीच्या पानांवर एक ठरलेला सल्ला येतो. बुरशी लागलेले दाणे निवडून टाका, माल कोरड्या जागी ठेवा, अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषापासून सावध राहा. सल्ला वाईट नाही, पण तो उशिरा येतो आणि बुरशी म्हणजेच विष असे धरून चालतो. प्रत्यक्षात अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची ही बुरशी शेतात, खळ्यावर, गोणीत, हवेत बाराही महिने असते आणि पुष्कळदा विष न करताच जगते. विष केव्हा करायचे हे तिच्या जनुकांवर आणि त्या जनुकांना जागे करणाऱ्या परिस्थितीवर ठरते. ती परिस्थिती काही अंशी शेतकऱ्याच्या हातात असते, पण काढणीआधीच्या महिन्यात आणि काढणीनंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत. सल्ला छापून येतो तोवर दोन्ही बहुधा निघून गेलेले असतात. पत्र लांबले आहे. विषयच तसा आहे.

हे विष जगाला कळले ते १९६० साली. इंग्लंडमध्ये काही महिन्यांत लाखावर टर्की पक्षी मेले आणि त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीत ते सापडले. आपल्या शेजारची घटना १९७४ची आहे. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल जिल्ह्यांत अवेळी पावसात भिजलेला मका लोकांनी कित्येक आठवडे खाल्ला. आधी कावीळ झाली, मग पोटात पाणी झाले. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले; त्याच घरांतले उष्टे खाणारी कुत्रीही मेली. त्या मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम विष निघाले होते. आज भारतात धान्यासाठी मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम. म्हणजे तो मका मर्यादेच्या चारशे ते हजार पट विषारी होता. एवढे विष आता सहसा पोटात जात नाही. थोडे थोडे, वर्षानुवर्षे जाते आणि यकृताच्या कर्करोगाला हातभार लावते. दिसण्यासारखे काहीच घडत नसल्याने त्याची बातमी होत नाही.

आता बुरशीच्या आत पाहू. तिच्या आठ गुणसूत्रांवर मिळून बारा हजारांहून अधिक जनुके आहेत. त्यांतली विषाची पंचवीसहून अधिक जनुके एका गुणसूत्राच्या टोकाजवळ, सुमारे सत्तर-पंच्याहत्तर हजार बेसजोड्यांच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) पट्ट्यात एकमेकांना खेटून बसली आहेत. कच्चा माल साधा असतो, साखर किंवा तेल मोडताना पेशीत तयार होणारे अॅसिटेटचे तुकडे. अफ्ल-सी या जनुकाचे विकर (एन्झाइम) ते तुकडे साखळीत जोडते आणि पुढे वीसेक पायऱ्यांनंतर अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार होते. वाटेत पहिला टिकाऊ पदार्थ लागतो तो नॉरसोलोरिनिक आम्ल, रंगाने विटकरी-नारिंगी. त्यापुढच्या पायरीचे अफ्ल-डी जनुक बिघडले की माल तिथे तुंबतो. पेट्री डिश उलटी करून पाहिली तर वसाहतीचा तळ नारिंगी-लाल दिसतो. बुरशी मात्र जोमात वाढते, वरून पोपटी-हिरवे बीजाणूही धरते. विष बनण्याच्या पायऱ्यांचा क्रम १९७०च्या दशकापासून अशा रंगीत वाणांवरूनच लागत गेला. वाढ आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा इतका उघड पुरावा दुसरा नाही.

या रांगेची किल्ली म्हणजे अफ्ल-आर हे जनुक. त्याचे प्रथिन रांगेतल्या जनुकांच्या सुरुवातीला असलेली एक ठरावीक खूण ओळखून तिथे बसते आणि ते जनुक वाचायला लावते. शेजारचे अफ्ल-एस त्याला जोडीदार म्हणून लागते. २८ ते ३० अंश सेल्सिअसला ही जोडी नीट चालते. ३७ अंशाला बुरशी अधिक झपाट्याने वाढते, पण जोडीचे प्रमाण बिघडते, पुढची जनुके गप्प राहतात आणि विष नगण्य निघते. जपानमध्ये सोया सॉससाठी वापरली जाणारी अॅस्परजिलस सोये ही विषारी अॅस्परजिलस पॅरासिटिकसची माणसाळलेली बहीण. तिच्याकडे ही रांग जवळपास आहे तशी आहे, पण अफ्ल-आरचे वाचन मध्येच थांबते. त्यामुळे विष होत नाही.

पण किल्लीवर हात कोणाचा असतो? इथे बुरशीची वाढ, तिचे पुनरुत्पादन आणि विष एकत्र येतात. या बुरशीपुढे साधारण दोन वाटा असतात. एक, हवेत उडणारे हिरवे बीजाणू करायचे. दुसरी, मोहरीएवढ्या किंवा त्याहून लहान, कठीण, काळपट गाठी करून मातीत पडून राहायचे. या गाठींना स्क्लेरोशिया म्हणतात. दुष्काळ आणि उन्हाळा त्या तसाच काढतात. व्हे-ए नावाचे प्रथिन अंधारात पेशीच्या केंद्रकात शिरते, तिथे व्हेल-बी आणि ले-ए या प्रथिनांशी जोड जमवते, आणि ही तिघांची जोड वाढीचा रोखही ठरवते आणि विषाची रांगही जागी करते. उजेडात व्हे-ए बरेचसे केंद्रकाबाहेरच राहते. ही जोड २००८ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या गटाने अॅस्परजिलस निडुलन्स या चुलत बुरशीत दाखवली. त्यातले ले-ए अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या नॅन्सी केलर यांच्या गटाने २००४ सालीच शोधले होते. अफ्ल-आरची अभिव्यक्ती हरवलेल्या (इंग्रजीत ‘लॉस ऑफ अफ्ल-आर एक्स्प्रेशन’) वाणांत ते सापडले म्हणून त्याला ते नाव पडले. अॅस्परजिलस फ्लेव्हसमधून व्हे-ए काढून टाकले तर गाठीही बंद आणि विषही बंद. ले-ए काढले तर गाठी जातात, विष घटते आणि शेंगदाण्यावर, मक्यावर पसरण्याची ताकदही कमी होते. गंमत अशी की निडुलन्सवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांतले बहुतेक वाण व्हे-ए बिघडलेलेच होते. अंधारातही सर्रास बीजाणू धरतात म्हणून ते हाताळायला सोपे. प्रयोग सोपे झाले आणि उजेड-अंधाराचा खेळ नजरेआड राहिला.

पेशीच्या आवरणाजवळ आणखी एक सोंगटी आहे, फॅड-ए नावाचे प्रथिन. ती चालू असली की बुरशी नुसते पांढरे तंतू वाढवत राहते. एफएलबी-ए हे दुसरे प्रथिन तिला बंद करते तेव्हा बीजाणूही सुरू होतात आणि विषाची रांगही. हे १९९७ साली निडुलन्समध्ये दिसले. तीच सोंगटी त्याच बुरशीत पेनिसिलिन मात्र वाढवते, आणि फ्युजेरियम या वेगळ्या बुरशीच्या एका जातीत टी-२ हे वेगळे विष वाढवते. तेव्हा सगळ्या बुरशांना एकच उपाय सांगणारी जाहिरात दिसली की पुढे वाचायची गरज नाही.

दाणा स्वतःही बुरशीशी बोलत असतो. शेंगदाण्यातल्या लिनोलिक आम्लापासून बनणारे ऑक्सिडीकृत मेद बुरशीच्या स्वतःच्या निरोप्यांसारखे असतात. त्यांच्या प्रकारावरून ती बीजाणू करायचे की गाठी, विष वाढवायचे की आवरायचे हे ठरवते. दाटी कमी असली की गाठी आणि विष जास्त, दाटी वाढली की बीजाणू जास्त, असेही प्रयोगांत दिसते. म्हणजे हिरवीगार बुरशी चढलेल्या दाण्यापेक्षा तंतूचा एखादाच धागा आत शिरलेला, वरून स्वच्छ दिसणारा दाणा कमी विषारी असेल याची काहीच हमी नाही. साखर, आम्लधर्मी वातावरण, अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन यांनी विष वाढते. नायट्रेटने सहसा दबते. साखर आणि तेलाने भरलेला, तिशीच्या तापमानातला, टरफलाच्या अंधारातला, अर्धवट ओला शेंगदाणा म्हणजे यातल्या बहुतेक अटी एकाच जागी. (यावरून कोणी गोदामात रात्रंदिवस दिवे लावू नयेत. टरफलाच्या आत दिव्याचा उजेड पोहोचत नाही.)

आता शेताकडे. भुईमुगाच्या दाण्याला स्वतःची ढाल असते. भरपूर पाणी असलेला कोवळा दाणा बुरशी शिरली की फायटोअॅलेक्सिन नावाची संरक्षक द्रव्ये तयार करून तिला अडवतो. पीक शेवटच्या चार ते सहा आठवड्यांत ताणात गेले की दाण्यातले पाणी उतरते, ही द्रव्ये बनेनाशी होतात, आणि बुरशीला मात्र अजून पुरेल इतका ओलावा शिल्लक असतो. त्याच वेळी शेंगांभोवतालची माती २८ ते ३१ अंशांवर स्थिरावली असेल तर विषाची रांग चालू होण्याचे तापमानही जुळते. शेतात उभ्या पिकात विष भरते ते असे, आणि ते काढणीनंतर निवडून किंवा वाळवून निघत नाही. म्हणून पाण्याची एखादीच पाळी हाताशी असेल तर ती शेंगा भरण्याच्या शेवटच्या टप्प्यासाठी राखावी. पाने हिरवी दिसतात म्हणून ही पाळी चुकवली जाते आणि नुकसान नेमके तिथे होते. आऱ्या (फुलातून मातीत शिरून शेंग धरणारे देठ) धरण्याच्या वेळी हेक्टरी ४०० किलोच्या आसपास जिप्समही याच कारणाने महत्त्वाचे: कॅल्शियम मिळाले की टरफल आणि दाण्याची साल भक्कम होते. हुमणी आणि वाळवीने पोखरलेली शेंग ही बुरशीला उघडे दार; त्या कीडींवर केलेला खर्च विषावरच केलेला असतो. मक्यात दार वेगळे, कणसाचे केस आणि अळीने पाडलेली भोके.

काढणी टरफल पाहून करावी. दहा झाडांच्या शेंगा फोडाव्यात. तीन चतुर्थांश शेंगांच्या टरफलाची आतली बाजू काळसर-तपकिरी झाली असेल तर थांबू नये. मजूर मिळत नाहीत म्हणून आठवडा-दोन आठवडे पीक जमिनीत राहिले तर जुन्या शेंगांच्या आऱ्या सुटतात, शेंगा मातीत राहतात, आणि नंतर वेचून त्याच ढिगात मिसळल्या जातात. सगळ्यात जास्त विष बहुधा याच वेचलेल्या शेंगांत असते. त्या वेगळ्या ठेवाव्यात, खाण्यात आणि पेंडीत जाऊ देऊ नयेत. फावड्याने कापलेल्या, फुटलेल्या आणि पोचट शेंगांचेही तेच.

उपटलेले वेल शेंगा वर आणि पाला खाली असे उलटे पसरावेत. ओले वेल रचून मोठा ढीग घालण्याची सवय सगळ्यात घातक. ढिगाच्या पोटात हवा नाही, तापमान तिशीत, ओलावा दोन-तीन दिवस तसाच. बुरशीला हवी ती वेळ तिला आपणच देतो. शेंगा तोडल्यावर ताडपत्रीवर चार-पाच सेंटिमीटरहून जाड थर करू नये, दिवसातून तीन-चार वेळा उलटवावा, रात्री झाकावा आणि सकाळी दव सुकल्यावरच उघडावा. उन्हाळी भुईमूग मेअखेर निघतो आणि वळवाचा पाऊस नेमका तेव्हा गाठतो. ताडपत्रीखाली ओल्या शेंगा दोन दिवस कोंडल्या तर उन्हात कमावलेले सगळे जाते; पाऊस थांबताच ताडपत्री काढून शेंगा पुन्हा पातळ पसराव्यात.

ओलावा किती असावा, यावर बाजारात गोंधळ आहे. मक्याला बारा-तेरा टक्के चालतात, तर शेंगदाण्याला सात-आठच का? दाण्याचा जवळपास निम्मा भाग तेल आहे आणि तेल पाणी धरत नाही. आठ टक्के पाणी उरलेल्या अर्ध्यात वाटले जाते. बुरशीला एकूण पाण्याशी देणेघेणे नसते, मोकळ्या पाण्याशी असते. म्हणून दहा टक्क्यांचा मका सुरक्षित आणि दहा टक्क्यांचे शेंगदाणे धोक्यात, असे होते. शेंग हलवल्यावर दाणा खुळखुळला आणि दोन बोटांत चोळल्यावर दाण्याची साल सहज सुटली तर ओलावा उतरत आला असे समजावे.

मक्यासाठी मीटर नसेल तर मीठ आणि बाटली पुरते. पाऊण लिटरची पूर्ण कोरडी काचेची बाटली एक तृतीयांश मक्याने भरावी, त्यात दोन-तीन मोठे चमचे कोरडे मीठ घालावे, झाकण लावून एक मिनिट हलवावी आणि पंधरा मिनिटे ठेवावी. मीठ काचेला चिकटले तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे. चिकटले नाही तर त्याखाली. मीठ आधीच दमट असेल तर चाचणी खोटे सांगते. पावसाळी हवेत ते तव्यावर गरम करून, गार करून वापरावे.

आणखी एक प्रथा बंद व्हायला हवी. शेंगा फोडताना दाणे फुटू नयेत आणि वजन भरावे म्हणून फोडणीआधी शेंगांवर पाणी मारले जाते. वाळवण्यात घालवलेले पाच दिवस तिथे दोन बादल्यांत वाहून जातात. फोडणी यंत्राची जाळी शेंगेच्या आकाराप्रमाणे बदलली आणि फेरे कमी ठेवले तर पाणी न मारताही दाण्यांची फूट कमी करता येते.

बुरशी आणि विष वेगळे, यातून एक उपाय निघाला आहे आणि तो महाराष्ट्रात जेवढा माहीत असायला हवा तेवढा नाही. बुरशीवर बुरशी सोडायची. एएफ-३६ हा अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या कापूस शेतांसाठी नोंदवलेला वाण. त्याच्या अफ्ल-सीमध्ये एका अक्षराचा बदल आहे, त्यामुळे वाचन मध्येच थांबते आणि विषाचे पहिले पाऊलच पडत नाही. भुईमुगासाठी नोंदवलेल्या अफ्ला-गार्डमधल्या वाणात तर विषाची सगळी रांगच गळालेली आहे. नायजेरियात इबादान येथे मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने अफ्लासेफ तयार केले, त्या त्या देशाच्या मातीतून निवडलेले चार निर्विष वाण एकत्र करून. मेलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर बीजाणूंचा लेप असतो. हेक्टरी १० किलो, फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी, हाताने फेकून. ओल मिळाली की दाण्यावर हिरवी बुरशी फुलते आणि विषारी वाणांच्या आधी जागा पटकावते.

यात चुकते ते बहुधा वेळेत आणि ओलीत. कोरड्या मातीवर टाकले तर दाणा फुलत नाही आणि मुंग्या, पाखरे तो नेतात. धो धो पावसात टाकले तर वाहून जातो. शेंगा भरू लागल्यावर टाकले तर विषारी वाण आधीच घरात शिरलेले असतात. निवडीतही खाचखळगे आहेत. एएफ-३६ अफ्लाटॉक्सिन करत नाही, पण सायक्लोपियाझोनिक आम्ल नावाचे दुसरे विष करतो. आणि या बुरशीचे लैंगिक पुनरुत्पादन २००९ साली सिद्ध झाले आहे. तेव्हा जनुकांची देवाणघेवाण धरूनच, एका अक्षराच्या चुकीवर अवलंबून असणाऱ्या वाणापेक्षा दोन्ही विषांची रांग समूळ गळालेला वाण निवडणे शहाणपणाचे. परदेशी पिशवी आणून इथे पसरणे आम्हाला पटत नाही. खानदेश, मराठवाडा, सांगली-सातारा यांच्या मातीतले वाण आपल्या कृषी विद्यापीठांनी गोळा करून, तपासून, ठेवले पाहिजेत.

पहिली चाळणी कोणत्याही महाविद्यालयात होण्यासारखी आहे. खोबऱ्याच्या दुधाच्या आगरावर (प्रयोगशाळेतल्या जेलीसारख्या माध्यमावर) बुरशी अंधारात २८ अंशाला तीन ते पाच दिवस वाढवावी. विषारी असली तर अतिनील दिव्याखाली वसाहतीभोवती निळसर झाक दिसते. दुसऱ्या ताटलीत झाकणात अमोनियाच्या द्रावणाचे दोन-चार थेंब टाकून ताटली उलटी ठेवली तर विषारी वसाहतीचा तळ काही मिनिटांत गुलाबी होतो. दोन्ही चाचण्यांत काही विषारी वाण निसटतात. विशेषतः तापमान ३५च्या वर गेले किंवा माध्यमात नायट्रेट भरपूर असले तर. कारण वर आलेच आहे. म्हणून निर्विष ठरलेल्या वाणाची खात्री एचपीएलसीवर (पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) आणि मग जनुकांच्या रांगेवर करावी.

जनुके आतून गप्प करण्याचेही प्रयत्न झाले आहेत. २०१७ साली अॅरिझोना विद्यापीठात मक्यात असा आरएनए घातला की तो दाण्यात शिरलेल्या बुरशीचे अफ्ल-सी बंद पाडतो. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने भुईमुगात अफ्ल-एम आणि अफ्ल-पी यांच्यासाठी तेच केले. त्या दाण्यांत विष जवळपास निघाले नाही. संशोधन उत्तम आहे. पण जनुकबदल केलेल्या अन्नपिकांना परवानगीचा आपल्याकडचा अनुभव पाहता शेतकऱ्याने त्याची वाट पाहत ताडपत्री विकू नये.

शहरातल्या वाचकाला हा शेतकऱ्याचा प्रश्न वाटेल, म्हणून दुधाचा हिशेब. घाण्यावर तेल निघते तेव्हा विषाचा मोठा भाग पेंडीत जातो. गाळलेल्या तेलात थोडे राहते. कारखान्यातल्या अल्कली शुद्धीकरणात ते जवळपास निघून जाते. सरकीचीही तीच गत. समजा पेंडीत किलोमागे २०० मायक्रोग्रॅम विष आहे आणि गाय दिवसाला ३ किलो पेंड खाते. पोटात गेले ६००. त्यातले सुमारे दोन टक्के दुधात अफ्लाटॉक्सिन एम-१ म्हणून उतरते, म्हणजे १२ मायक्रोग्रॅम. गाय १० लिटर दूध देत असेल तर लिटरला १.२. भारतीय मर्यादा ०.५. दूध उकळून ते जात नाही; भाकरी भाजूनही जात नाही, कारण हे विष मोडायला २६० अंशांहून अधिक तापमान लागते. दिलासा एवढाच की पेंड बदलल्यावर तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८च्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ पैकी ३६८ नमुने एम-१च्या मर्यादेबाहेर निघाले, आणि त्यांत सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधाचे प्रमाण जास्त होते. दुधातल्या पाण्यावर आणि युरियावर आपण जेवढे बोलतो त्याच्या दशांशही पेंडीवर बोलत नाही.

तपासणीबद्दल दोन गोष्टी. अतिनील दिव्याखाली मका पिवळसर-हिरवा चमकला की विष, नाही चमकला की शुद्ध, असे काही ठिकाणी सांगितले जाते. ती चमक विषाची नसते. बुरशीच्या कोजिक आम्लापासून बनलेल्या पदार्थाची असते. बुरशी येऊन गेली एवढेच ती सांगते. दुसरी गोष्ट नमुन्याची. एकेका दाण्यात किलोला एक ग्रॅम या दरानेही विष सापडलेले आहे. अर्ध्या ग्रॅमचा असा एक दाणा म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. दहा किलोत सुमारे वीस हजार दाणे. त्यात हा एकच पडला तरी सरासरी किलोमागे ५० मायक्रोग्रॅम होते, १५च्या मर्यादेच्या तिप्पट. गोणीच्या तोंडातून मूठभर दाणे काढून केलेली चाचणी मग काय सांगणार? निर्यातीच्या मोठ्या खेपेत शंभर ठिकाणांहून मिळून २० किलो नमुना घेतात, तो सगळा दळून एकजीव करतात आणि मग त्यातून चिमूट घेतात. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी मर्यादा ४ आहे, आपल्याकडे १०. निर्यातीसाठी रंग पाहून दाणे वेचणारी यंत्रे लागतात आणि डागाळलेला माल बाहेर फेकतात. तो बाहेर पडलेला माल पुढे कोणत्या घाण्यात आणि कोणत्या गोठ्यात जातो, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

बाजार समित्यांच्या दारात ओलावा मीटर असावा आणि लिलावाच्या पुकाऱ्यात ओलाव्याचा आकडाही यावा, एवढी मागणी आम्ही पणन खात्याकडे करतो. आज सुक्या मालाला वजनात घट बसते आणि ओला माल वजन खातो. मग पाच दिवस उलथापालथ करून वाळवणाऱ्याने ती का करावी?

आणि आपल्याकडे मागणी तारखांची. उन्हाळी भुईमुगाचा सल्ला एप्रिलच्या मध्यात छापावा, शेवटच्या पाण्याच्या पाळीसाठी. खरिपाचा ऑगस्टअखेर. मक्याचा कणसाला केस फुटण्याआधी. वाळवणीची चौकट काढणीच्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि त्यात मिठाच्या बाटलीची चाचणी असावी. कळावे.

आपले,
वनस्पती रोगशास्त्र आणि धान्य साठवणूक या विषयांत काम करणारे काही वाचक